मदत हवी आहे: केळकर संग्रहालयातल्या वस्तू घडवणारे हात कोणाचे?

नमस्कार मंडळी, पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे, अडकित्ते, वज्र्या (पाय घासायच्या) बघितल्यापासून एकच गोष्ट डोक्यात आहे. दिनकर केळकरांनी साधारण 1920 पासून गावोगाव फिरून हे सगळं जमवलं, राजा नावाच्या आपल्या मुलाच्या आठवणीत संग्रहालयाला त्याचं नाव दिलं, ते आपल्याला माहितीये, पण ज्या तांबटाने, ओतारी-कासाराने, लोहाराने ते घडवलं आणि ज्या बाईने रोज घासून वापरलं त्यांचं काय? कुठल्याही संग्रहालयात अशा वस्तूंजवळ बहुतेक धातू आणि शतक लिहिलेलं असतं, माणूस गायबच. मला हे फार अन्यायाचं वाटतं, कारण कसबा पेठेत तांबट आळी आजही आहे.

1885 च्या पुणे गॅझेटिअरमध्ये (इंग्रज सरकारच्या जिल्हा माहितीग्रंथात) तांबट-कासारांच्या धंद्याची माहिती आहे, पण ती इंग्रज साहेबाच्या नजरेतून, जातीवार मांडलेली.

तर पुणे पुराभिलेखागारातल्या पेशवे दफ्तरात (पेशवाईतल्या सरकारी कागदपत्रांत) कारागिरांच्या मजुरीच्या नोंदी कोणी पाहिल्यात का, नेमके कुठले रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) मागायचे? मोडी वाचून देणारं कोणी आहे का? आणि कोणाच्या घरी आजी-आजोबा हे काम करायचे असतील तर प्लीज कमेंट करा, जुने हिशोब, फोटो, ठशांची नावं, काहीही चालेल.