मदत हवी आहे: पाचवीच्या मुलांची हातच्याची वजाबाकी आणि भागाकार

जिल्हा परिषदेची शाळा, पहिली ते पाचवी, शिक्षक दोनच. पटसंख्या ६० पर्यंत असेल तर शिक्षण हक्क कायद्यानुसार इतकेच मिळतात. पाचवीतली निम्मी मुलं ५२ − २७ = ३५ लिहितात. ही घाईची चूक नाही. मूल एककात लहान अंक मोठ्यातून वजा करतं (७ − २), कारण 'दशक सुटा करणे' त्याने हाताने कधी केलेलंच नसतं. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे सोडून करून घेतलं की ५२ चं जमतं, पण ४०३ − १५८ ला परत अडतं. मधल्या शून्यातून हातचा आणायचा कुठून?

भागाकारात ६२४ ÷ ६ चं उत्तर १४ येतं. २ मधून ६ जात नाहीत म्हणून भागाकारात ० लिहायचं, ते राहून जातं. पाढे मात्र तोंडपाठ!

इयत्ता बाजूला ठेवून स्तरानुसार गट करायचे, हे माहीत आहे. अडचण वेळेची: रोज ५० मिनिटं काढली तर पहिली-दुसरीला कोण बघणार?

विचारायचं आहे ते असं:
शून्य असलेल्या वजाबाकीसाठी काड्या की खोट्या नोटा?
द्विशिक्षकी शाळेत चालवून पाहिलेलं वेळापत्रक कुणाकडे आहे का?

दहावीचा निकाल नव्वद टक्क्यांवर लागतो, पदवीही मिळते, पण टक्केवारी काढताना हाच भागाकार आडवा येतो. त्यामुळे 'पुढे येईल आपोआप' हा सल्ला नको.