मदत हवी आहे: रिसेटनंतर बाबांच्या डेस्कटॉपवरचे आयकॉन पूर्वीसारखे वागत नाहीयेत

नमस्कार मंडळी, जरा तातडीने मदत हवीये.

बाबांचा पीसी विंडोज ११ चा आहे. गेल्या आठवड्यात तो सुरूच होईना म्हणून जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला, त्याने रिसेट धिस पीसी मधलं कीप माय फाइल्स वापरून परत चालू करून दिला. फायली सगळ्या जागेवर आहेत, उडालेल्या सॉफ्टवेअरची यादी डेस्कटॉपवर आली होती ती बघून मी एकेक परत टाकलं. पण डेस्कटॉप काही बाबांचा राहिला नाही.

बाबा ७६ वर्षांचे आहेत, उजवा हात थरथरतो. पूर्वी आयकॉनवर एकदा क्लिक केलं की उघडायचं. हे चार-पाच वर्षांपूर्वी मीच करून दिलं होतं पण कुठे जाऊन केलं ते आता काही केल्या आठवत नाहीये. आता दोनदा क्लिक करायला लागतं, त्यात हात हलतो आणि आयकॉन उघडायच्या ऐवजी सरकतो. परवा पेन्शनचं फोल्डर असंच ओढलं जाऊन फोटोंच्या फोल्डरमधे जाऊन पडलं, तासभर शोधत बसले पण मला फोन केला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

दुसरं म्हणजे डावीकडे बँक-पेन्शन, उजवीकडे नातवंडांचे फोटो, खाली कोपऱ्यात अभंगांच्या पीडीएफ अशी त्यांची मांडणी होती, ते नाव वाचत नाहीत, जागेवरून ओळखतात. आता मी कितीही नीट लावून दिलं तरी सगळे आयकॉन डावीकडे एका रांगेत जाऊन उभे राहतात. माउसच्या सेटिंगमधे डबल क्लिकचा स्पीड कमी करून पाहिला, थोडा फरक पडला पण सरकणं चालूच आहे. कुणाला माहीत असेल तर प्लीज सांगा, मी पुण्यात आणि ते गावी, शनिवारी जाणार आहे तेव्हा एकदाच सगळं करून येईन म्हणते.

प्रतिसाद १:
ताई, स्टार्टमधे फाइल एक्सप्लोरर ऑप्शन्स शोधा, जनरल टॅबवरच सिंगल-क्लिक टू ओपन आहे, ते निवडून अप्लाय करा. मग डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी राइट क्लिक, व्ह्यू, तिथली ऑटो अरेंज आयकॉन्सची खूण काढा म्हणजे रांग लागणार नाही. अलाइन टू ग्रिड मात्र राहू द्या, थरथरत्या हाताने आयकॉन थोडा हलला तरी चौकटीत बसतो. जुनी मांडणी रजिस्ट्रीत (विंडोज आपली सेटिंग्ज जिथे साठवतं तिथे) असते, ती रिसेटमधे गेली, हातानेच लावावी लागेल.

प्रतिसाद २:
सरकण्यावर खरा उपाय वेगळा आहे. बटण दाबून माउस ४ पिक्सेल हलला की विंडोजला वाटतं तुम्ही ओढताय. रजिस्ट्री एडिटरमधे एचकी करंट युजर, कंट्रोल पॅनल, डेस्कटॉप इथे ड्रॅग विड्थ आणि ड्रॅग हाइट अशा दोन नोंदी आहेत, दोन्हींत ४ असतं, ते ३० करा आणि साइन आउट करून परत या. आधी फाइल मेन्यूमधून एक्सपोर्ट करून ठेवा, बाकी कशाला हात लावू नका. माझ्या सासूबाईंच्या मशीनवर हेच केलंय, आयकॉन आपोआप सरकणं बंद झालं.

आणि वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन फायली साठवायची सोय) डेस्कटॉपचा बॅकअप घेतंय का तेही बघा, रिसेटनंतर साइन इन करताना ते बरेचदा चालू होतं. आयकॉनवर हिरवी टिक किंवा ढग दिसत असेल तर समजा तेच. पण घाईने बंद करू नका, बंद केल्यावर फायली वनड्राइव्हच्या फोल्डरमधेच राहू शकतात आणि डेस्कटॉप रिकामा दिसतो, बाबा घाबरतील.

धागाकर्ती:
दोघांचेही खूप आभार! शनिवारपर्यंत थांबवेना म्हणून रात्री फोनवर सांगत सांगत बाबांकडूनच पहिलं करून घेतलं, सिंगल क्लिक परत आलं. रजिस्ट्रीचं मी गेल्यावर करेन. हिरवी टिक आहे म्हणाले, त्याला हात लावू नका सांगितलंय. एक राहिलं, आयकॉन जागेवर लॉक करता येतात का?

प्रतिसाद २:
विंडोजमधे तशी सोय नाही. मांडणी लावून झाली की स्क्रीनशॉट काढून प्रिंट द्या त्यांना, टेबलावर काचेखाली ठेवतील. एक कॉपी तुमच्या फोनमधे ठेवा.