बॅनरवर नाव काय टाकायचं? (सोसायटी ग्रुप, चिपळूण)

सचिव: मंडळी, गणपतीतल्या कार्यक्रमाचा बॅनर उद्या छापायला जातोय. मजकूर: ‘बाल्या नाच, रात्री ९ वाजता’. काही बदल असेल तर आजच सांगा.

ए-१०२ नाना: ‘बाल्या’ काढा. मुंबईत घरकामाला गेलेले कोकणी गडी कानात बाली घालायचे, त्यावरून तिकडच्यांनी पाडलेलं नाव ते. नाचाचं नाव जाखडी.

बी-३०४ वहिनी: नाना, जाखडी म्हणजे जखडणे यावरूनच ना?

नाना: तसंच सांगतात. एकमेकांना धरून फेर घालायचा. मधे शाहीर, ढोलकी, झांज. नाचणाऱ्याच्या एका पायात चाळ, म्हणजे घुंगरांची माळ. सगळ्यांचे पाय एकदम पडले की एकच छन्न ऐकू येतो. एकाचा जरी मागे पडला तरी कानाला लगेच कळतं.

सी-२०१ ताई: पण सचिवदादा, दोन संघ बोलावलेत म्हणजे नुसता नाच नाही, सामना आहे. मग ‘शक्ती-तुरा’ लिहायलाच हवं. मूळ परंपरा कलगी-तुऱ्याची. चंदेरीच्या राजाने तुकनगीर गोसावी आणि शाह अली फकीर यांचं गाणं ऐकून एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी, अशी कथा आहे. तुरेवाले शिवाला थोर मानतात, कलगीवाले शक्तीला. म्हणून आपल्याकडे कलगीवाल्यांना शक्तीवालेच म्हणतात. गण, गवळण दोघंही गातात. खरी चुरस त्यानंतरच्या सवाल-जवाबात. शक्ती मोठी की शिव, यावरच तर सगळं भांडण! दोन्ही संघ कुठल्या बाजूचे, विचारलंत का?

सचिव: नाही हो ताई. तारीख आणि मानधन तेवढं ठरलं.

ताई: मग आधी फोन करा. दोघेही शक्तीवाले निघाले तर सवाल कोण कोणाला टाकणार? दोन बाऱ्या होतील, म्हणजे दोघे आपापल्या पाळीत गाऊन-नाचून जातील, सामना होणार नाही.

सचिव (४० मिनिटांनी): विचारलं. एक शक्तीवाले, एक तुरेवाले.

ताई: छान. वर ‘जाखडी’, खाली मोठ्या अक्षरांत ‘शक्ती-तुरा सामना’. मधली रेघ गाळू देऊ नका, त्या दोन बाजू आहेत. प्रत्येक संघाच्या नावाखाली त्याची बाजू लिहा.

वहिनी: आणि बाल्या? पोरांना तेच नाव ठाऊक आहे.

नाना: पोरांना आपण सांगू. बॅनरवर नको.

डी-४०२ दादा: पोडियमवर सतरंजी टाकू नका, फेर सुरू झाला की ती गोळा होते नि पाय अडकतो. फरशी धुऊन कोरडी ठेवा. शाहीर मधे बसणार असतील तर माइक वरून सोडायला सांगा, जमिनीवरची वायर नेमकी फेरात येते.

सचिव: मंडपवाल्याला आत्ताच कळवतो.