कोलंबोचा माल आपल्याकडे वळणार असं धरून बंदरं बांधायची का?

समुद्रकाठ:
दक्षिण भारताचा बराच माल अजून फीडरने, म्हणजे छोट्या जहाजाने, कोलंबोला जातो, तिथे मोठ्या जहाजावर चढतो आणि मग पुढे युरोप-अमेरिका. म्हणून आपल्याकडे नव्या बंदराचा रिपोर्ट आला की गणित ठरलेलं, पाणी खोल झालं की कोलंबोचा माल इकडे येणार. माझं स्पष्ट मत, हा अंदाजच चुकीचा आहे. कोचीचं वल्लारपाडम बघा, फेब्रुवारी 2011 ला सुरू झालं, क्षमता वर्षाला 10 लाख टीईयू (वीस फुटी कंटेनरच्या मापात), कोलंबोचा माल ओढायलाच बांधलेलं, आणि पुढची काही वर्षं साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळलं.

खलाशी रत्नागिरी:
अजिबात पटलं नाही. वल्लारपाडमला चॅनल, म्हणजे जहाजं आत येण्याचा मार्ग, साडेचौदा मीटर खोल, तोसुद्धा सतत गाळ काढून राखायचा, दर कोलंबोपेक्षा जास्त, वर कॅबोटाजचा नियम, म्हणजे परदेशी झेंड्याच्या जहाजाने आपल्याच दोन बंदरांमध्ये कंटेनर न्यायचे नाहीत, मग फीडर येणार कुठून? केरळातल्याच विझिंजमला निसर्गतः 18-20 मीटर पाणी आहे, डिसेंबर 2024 ला धंदा सुरू झाला आणि वर्षाच्या आत 10 लाख टीईयू पार. जून 2025 मध्ये एमएससी या जहाज कंपनीचं एमएससी इरिना लागलं तिथे, 24,346 टीईयूचं जहाज! पाणी असेल तर माल येतो.

समुद्रकाठ:
कॅबोटाजची सूट वल्लारपाडमला 2012 लाच मिळाली होती, सगळ्या बंदरांना 2018 ला, तरी माल आला नाही. आणि विझिंजमला बहुतेक जहाजं एकट्या एमएससीची आहेत. एका लाइनने, म्हणजे जहाज कंपनीने, ठरवलं म्हणून आकडा फुगला, उद्या तिने वेळापत्रक बदललं की तोच आकडा खाली. अजून एक, ट्रान्सशिपमेंटचा, म्हणजे एका जहाजातून दुसऱ्यात जाणारा, बॉक्स (कंटेनर) उतरवताना एकदा आणि चढवताना एकदा असा दोनदा मोजतात, म्हणजे कोलंबोचे 70 लाखांवरचे टीईयू हे तेवढे डबे नाहीत, हे विसरून लोक त्यातला वाटा काढत बसतात. शिवाय 2024 हे वर्ष पाया म्हणून धरूच नका, तांबड्या समुद्रात हल्ले चालू, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात होती आणि कोलंबोत गर्दी झाली ती त्यामुळे.

अनघा, पूर्वी तुतिकोरिन:
दादा, तुमचा हिशोब बरोबर असेल पण तुम्ही फक्त रिकाम्या धक्क्याचं नुकसान मोजताय. मी त्याच 2024 मध्ये तिरुपूरच्या होजिअरीचं बुकिंग बघायचे. एका छोट्या निर्यातदाराचे दोन बॉक्स कोलंबोला वेळेत उतरले, मदर व्हेसलमध्ये, म्हणजे पुढच्या मोठ्या जहाजात, जागा नाही म्हणून रोलओव्हर, म्हणजे पुढच्या फेरीवर ढकलले, पुढच्या आठवड्यात परत रोलओव्हर. रोज सकाळी ट्रॅकिंग उघडायचं तर तीच ओळ, बॉक्स यार्डात. शेवटी उन्हाळी टी-शर्ट सीझन उलटल्यावर पोचले आणि खरेदीदाराने भाव पाडून घेतला. शेजारच्या देशातलं एकच बंदर तुंबलं की आपला माणूस असा अडकतो, याची किंमत कुठल्या अंदाजात धरता? क्षमता थोडी जास्तच हवी.

समुद्रकाठ:
ताई, हे खरंय, आणि ही बाजू मी मांडायला हवी होती. पण मग रिपोर्टात तसं लिहा ना, की अडचणीच्या काळासाठी एवढी क्षमता मोकळी ठेवतोय. कोलंबोचा माल हमखास येणार असं दाखवून कर्ज का काढता? लाइनकडून किमान मालाची लेखी हमी घ्या आणि टप्प्याटप्प्याने बांधा.

खलाशी रत्नागिरी:
टप्प्याटप्प्याने धक्का बांधता येतो, ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, नाही येत. विझिंजमचा जवळपास तीन किलोमीटरचा आहे आणि 2017 च्या ओखी वादळात बांधता बांधताच त्याचं नुकसान झालं होतं. त्याच्या आडोशाशिवाय पावसाळ्यात मोठं जहाज धक्क्याला स्थिर राहतच नाही, म्हणजे पहिल्या डब्याच्या आधी सगळ्यात मोठा खर्च करून बसावंच लागतं. आणि तेव्हा कुठली लाइन लेखी हमी देणार, जहाज लागायला अजून सात-आठ वर्षं असताना?