आजोबांचं एफएन ब्राउनिंग १९१०: स्लाइड अडतेय, सुटे भाग कुठे मिळतील?

कोयनाकाठ:
एफएन ब्राउनिंग पिस्तूल, मॉडेल १९१०, बेल्जियम बनावट. काडतूस बाहेर पडण्याच्या खिडकीतून नळीवर ७.६५ (कॅलिबर, मिलिमीटरमध्ये) कोरलेलं दिसतं. परवाना वडिलांच्या नावावर आहे, चालू आहे, युआयएन (सरकारी नोंदणीतला ओळख क्रमांक) ही आहे. वडील ७४ वर्षांचे. अडचणी अशा:
१) स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून सोडली की शेवटचे दोन-तीन मिलिमीटर अडते, अंगठ्याने ढकलावी लागते.
२) मॅगझिन (काडतुसं भरायची पेटी) एकच आहे. वरचं काडतूस कधी नाक वर करून बसतं, कधी खाली.
३) डाव्या मुठीची काळी पट्टी स्क्रूपासून तडकली आहे. तिच्याखाली तांबूस गंज.
स्प्रिंग आणि मॅगझिन परदेशी साइटवर दिसतात. मागवावीत का? आणि पॉलिश करून नवं ब्लूइंग (लोखंडावरचा निळसर-काळा मुलामा) करून घ्यावं का?

तेलकट_चिंधी:
आधी निदान, मग भाग. या पिस्तुलात रिकॉइल स्प्रिंग (स्लाइड परत पुढे आणणारी) नळीभोवतीच गुंडाळलेली असते आणि तोंडाकडची खरवडी असलेली कडी तिला धरून ठेवते. मॅगझिन काढा, स्लाइड ओढून चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) डोळ्यांनी बघा आणि बोट घालूनही तपासा. मग कडी आत दाबून फिरवायची. तिच्यावर तळहात धरा, नाहीतर कडी आणि स्प्रिंग दोन्ही कपाटाखाली जातात.

आता स्प्रिंगशिवाय स्लाइड हाताने मागेपुढे करा. कुठे खरखर लागली किंवा अडली तर दोष मळाचा किंवा पोचा आल्याचा. लोण्यासारखी सरकली तर स्प्रिंगच दबून कमजोर झाली आहे. दहापैकी आठ वेळा मळच निघतो. जुन्या घरांत खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालत. खोबरेल थंडीत गोठतं, वर्षानुवर्षांत त्याचा चिवट लाखेसारखा थर होतो.

मुठीच्या पट्ट्या आधी काढा. त्या कडक रबराच्या आहेत, द्रावणाने खराब होतात. मग रंगाच्या दुकानातल्या एमटीओमध्ये (मिनरल टर्पेंटाइन) स्लाइड आणि नळी रात्रभर बुडवा, नायलॉनच्या ब्रशने खाचा साफ करा, कोरडं करा. तेल एकेका खाचेला एक थेंब, पुरे. एक्स्ट्रॅक्टरच्या (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा) नखाखालचा मळ लाकडी टूथपिकने काढा. त्याची घाण बहुतेक जण विसरतात आणि स्लाइड न मिटण्याचं तेच कारण असतं.

फायरिंग पिनची (काडतुसावर आघात करणारी सुई) बाजू घरी उघडू नका. रिकाम्या चेंबरवर चाप ओढत बसू नका, जुन्या पिनेचं टोक तुटतं.

परवानाधारक:
साइटवरून काहीही मागवू नका. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येतच सुटे भाग येतात आणि आयातीला कलम १० प्रमाणे वेगळा परवाना लागतो. पार्सल कस्टम्समध्ये अडकलं की खुलासा परवानाधारकाला, म्हणजे तुमच्या वडिलांना द्यावा लागेल.

दुरुस्तीही परवानाधारक गनस्मिथकडेच (कलम ५). लेथवाला कितीही हुशार असला तरी नाही. वडिलांना जाणं जमत नसेल तर त्यांच्या लेखी अधिकारपत्रावर तुम्ही दुरुस्तीसाठी पिस्तूल नेऊ शकता, कलम ३ मध्ये ती मुभा आहे. पत्रात पिस्तुलाचा क्रमांक, परवाना क्रमांक, दुकानाचं नाव आणि तारीख लिहा. मूळ परवाना सोबत ठेवा, जमा केल्याची पावती घ्या.

पॉलिशबद्दल तर ठाम नाही. एमरीने घासताना क्रमांक आणि लिएज प्रूफचे (बेल्जियममधल्या लिएजच्या शस्त्र-चाचणीचे) बारीक शिक्के (मुकुट, लंबवर्तुळात ई-एल-जी) पुसट होतात. ओळखचिन्ह पुसलेलं शस्त्र जवळ असणं कलम ८ खाली येतं. शिवाय मूळ ब्लूइंग गेलं की वस्तूची किंमतही गेली.

रानवाट_७०:
पट्टीची तड: मागच्या बाजूने पातळ सायनोअॅक्रिलेट (झटपट चिकटणारा गोंद) झिरपवा, वर सुती कापडाचा तुकडा एपॉक्सीत बसवा. कापड जाड झालं तर पट्टी फ्रेमवर टेकत नाही आणि स्क्रू आवळताना पुन्हा तडकते. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेच्या रुंदीचं, दोन्ही बाजूंनी समांतर घासलेलं हवं. साध्या पाचरीसारख्या टोकाने खाच फाटते. गंज तेलात बुडवलेल्या ०००० स्टील वूलने हलका, शिक्क्यांपासून लांब.

आणि चामड्याच्या होल्स्टरमध्ये ठेवत असाल तर तो गंज तिथूनच आलाय. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेले क्षारही त्यात राहतात.

कोयनाकाठ:
स्प्रिंगशिवाय करून बघितलं, खरखर लागते. म्हणजे मळ. होल्स्टरमध्येच ठेवलं होतं, बरोबर ओळखलंत. मॅगझिनचं काय?

तेलकट_चिंधी:
मॅगझिनचे वरचे ओठ समांतर आहेत का, कॅलिपरने पुढे आणि मागे मोजा. फरक दिसला तर गनस्मिथ लाकडी ठोकळा आत घालून ते सरळ करतो. पक्कड लावली तर ओठ चिरतो, आणि मग ते मॅगझिन गेलंच. आतली स्प्रिंग आणि फॉलोअर (काडतुसं वर ढकलणारी पट्टी) काढून नुसतं साफ केलं तरी निम्मा त्रास जातो.

अजून एक: ७.६५ ब्राउनिंगच्या काडतुसाची कड किंचित बाहेर असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे गेली तर दोन्ही अडकतात. आणि दुकानात नुसतं ‘.३२’ म्हणू नका. .३२ रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब असतं, यात बसत नाही. ‘.३२ एसीपी, पिस्तूल’ असं सांगा, ते ७.६५ ब्राउनिंगचंच दुसरं नाव. घरातली हिरवट डाग पडलेली काडतुसं वापरू नका.

दुसरं मॅगझिन हवंच असेल तर जुन्या परवानाधारक विक्रेत्यांकडे विचारा. ७.६५ चंच घ्या, त्यात ७ काडतुसं बसतात. मॉडेल १९२२ ची मूठ लांब, तिचं ९ काडतुसांचं मॅगझिन यात चालत नाही. अमेरिकेत १९५५ या नावाने विकलेलं मॉडेल मात्र याच घराण्यातलं, त्याचे बरेच भाग जुळतात.

परवानाधारक:
वडील सत्तरीपुढे आहेत, तेव्हा एक काम याच वेळी उरका. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा शस्त्र २५ वर्षं जवळ असलं तर हयातीतच वारसाच्या नावे परवान्याचा अर्ज करता येतो. जिल्ह्यात जिल्हाधिकारी कार्यालयात, आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तांकडे. बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र आधी घ्या, अर्ज तिथेच रखडतात. तुमच्या नावावर आधीच दोन बंदुका असतील तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर तिसरी मिळत नाही, वारशाने आली तरीही.