मदत हवी आहे : २०२१ पासून पडून असलेले ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पुन्हा वापरात आणण्याबाबत

नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचा न्यास रुग्णोपयोगी साहित्य केंद्र चालवतो. फाउलर बेड, व्हीलचेअर, वॉकर, कमोडची खुर्ची अशा वस्तू अनामत रक्कम घेऊन गरजूंना दिल्या जातात आणि परत आल्या की धुऊनपुसून पुढच्या घरी जातात. त्यांची दुरुस्ती गावातच होते. अडचण आहे ती ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला पुरवणाऱ्या यंत्रांची. एप्रिल-मे २०२१ च्या कोविडच्या लाटेत मुंबईकर चाकरमान्यांच्या मंडळांनी आणि परदेशस्थ आप्तांनी पाठवलेली यंत्रे आमच्या कोठीच्या खोलीत धूळ खात पडली आहेत आणि त्याच वेळी सीओपीडीचे (श्वासमार्ग अरुंद होण्याचा जुनाट आजार) किंवा फुप्फुसाच्या फायब्रोसिसचे (फुप्फुस कडक होत जाण्याचा आजार) रुग्ण हेच यंत्र बाहेरून दरमहा भाड्याने आणत आहेत. सगळी सरसकट भंगारात घालण्याआधी जेवढी वाचतील तेवढी वाचवावीत, या हेतूने जाणकारांचा सल्ला मागत आहे.

वरवरची कामे आम्ही उरकली आहेत. एका यंत्राच्या पोटात पालीची अंडी निघाली, दुसऱ्याच्या वायरी उंदरांनी कुरतडल्या होत्या. त्या स्थानिक इलेक्ट्रिशियनने बदलून दिल्या. हवा आत घेणाऱ्या गाळण्या नव्या बसवल्या, साबणाचे पाणी लावून नळ्यांची गळती पाहिली. बहुतेकांचे कॉम्प्रेसर सुरू होतात. खरे दुखणे झिओलाइटचे, म्हणजे नायट्रोजन शोषून घेणाऱ्या खनिजाच्या दाण्यांचे आहे. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आणि २१ टक्के ऑक्सिजन असतो. दाबाखाली झिओलाइटचे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात, दाब उतरला की सोडून देतात, आणि दोन नळकांडी आळीपाळीने हे काम करत राहतात. हवेतला आर्गॉन वायू मात्र ऑक्सिजनबरोबरच बाहेर येतो, त्यामुळे नवे यंत्रही ९५-९६ टक्क्यांच्या वर जात नाही. पण हेच दाणे नायट्रोजनपेक्षा ओलावा अधिक घट्ट धरतात आणि आमच्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात बंद पडून राहिलेल्या यंत्राचे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

ओळखीच्या रुग्णालयाकडून ऑक्सिजनचे प्रमाण मोजणारा अल्ट्रासॉनिक ॲनालायझर आणून मोजणी केली. मिनिटाला पाच लिटर क्षमतेचे एक यंत्र अर्धा तास चालवल्यावर दोन लिटरच्या प्रवाहाला ९१ टक्के ऑक्सिजन दाखवत होते. फ्लोमीटरची (प्रवाह दाखवणाऱ्या नळीतली) गोळी पाचवर नेताच आकडा ७४ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार पूर्ण क्षमतेच्या प्रवाहालाही किमान ८२ टक्के हवेत. आमच्यापैकी एका विश्वस्तांचे म्हणणे असे की, अशा यंत्रावर ‘फक्त दोन लिटरसाठी’ अशी चिठ्ठी लावून ते द्यावे. मला ते मान्य नाही. दम लागला की घरचे लोक गोळी वर सरकवणारच, शिवाय यातील स्वस्त यंत्रांना ऑक्सिजन कमी झाल्याचा इशारा देणारा सेन्सरही नाही. म्हणजे डॉक्टरांनी जे सांगितले आणि रुग्णाला जे मिळते आहे, त्यात किती तफावत आहे ते कोणालाच कळणार नाही.

म्हणून पहिला आणि मुख्य प्रश्न झिओलाइट बदलण्याचा. सुटे दाणे आणून जुन्याच नळकांड्यांत भरून देणारे तंत्रज्ञ आहेत असे ऐकतो, परंतु भरताना दाण्यांना दमट हवा लागली किंवा ते सैल बसून एकमेकांवर घासले जाऊन त्यांची भुकटी झाली, तर खर्च पाण्यात जाईल. असे काम करून घेतलेल्या कोणी वर्षभरानंतरची मोजणी ठेवली आहे का? की कंपनीचा सीलबंद संचच घ्यावा? पुणे, कोल्हापूर किंवा मुंबईत हे काम खात्रीने करणारे कोणी ठाऊक असल्यास अवश्य कळवावे.

अमेरिकेतून आलेली यंत्रे ११५ व्होल्ट, ६० हर्ट्झची आहेत. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरते, पण वारंवारता ५० हर्ट्झच राहते, त्यामुळे त्यांची मोटर सुमारे एक षष्ठांशाने मंद फिरते आणि हवा कमी ओढली जाते. त्यांना आपल्याकडचा कॉम्प्रेसर बसवून कोणी वापरले आहे का? माझा कल त्यांचे फ्लोमीटर, व्हॉल्व्ह आणि चाके काढून इतर यंत्रांना लावण्याकडे आहे.

कायद्याचीही एक बाजू आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या अनुसूचीत वैद्यकीय उपकरणे आहेत आणि जुनी उपकरणे नूतनीकृत करणाऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आम्ही काहीही विकत नाही, दुरुस्त करून केवळ वापरायला देतो. तरीही आमच्यासारख्या न्यासाला ही नोंदणी आवश्यक आहे का, हे प्रत्यक्ष विचारणा केलेल्या व्यक्तीकडून समजले तर बरे होईल. जी यंत्रे वाचणार नाहीत, त्यांच्यासाठी कोकणात येऊन थोडा माल उचलणारा नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्ताही हवा आहे.

नाकातील नळी आणि ह्युमिडिफायरची बाटली प्रत्येक रुग्णाला नवीच दिली जाईल, त्याबाबत शंका नाही. यंत्रांच्या पाटीवरील तपशील आणि तासांच्या मीटरवरचे आकडे उतरवून ठेवले आहेत. ज्यांना सल्ला देण्यासाठी लागतील त्यांनी विचारावे, मी इथेच देईन.