पार्टीगेटच्या दिवसांत तुमच्या घरी काय चाललं होतं? – अनुभव धागा

गेल्या आठवड्यात ओळखीचा एक मुलगा चहाला आला होता. तो २०२३ मध्ये इंग्लंडात आला. त्याने सहज विचारलं, "मावशी, बोरिस जॉन्सनचं सरकार म्हणे वाढदिवसाच्या पार्टीमुळे गेलं, खरं का?" मला चटकन उत्तर सुचेना. वाढदिवस झाला होता. १९ जून २०२० ला, कोविडमुळे एकत्र जमायला बंदी असताना, पंतप्रधानांच्या डाउनिंग स्ट्रीटवरच्या कॅबिनेट रूममध्ये. त्यासाठी १२ एप्रिल २०२२ ला जॉन्सन आणि तेव्हाचे अर्थमंत्री ऋषी सुनक या दोघांनाही दंड झाला. तिथल्या अशा सगळ्या पार्ट्यांसाठी पोलिसांनी एकूण ८३ जणांना मिळून १२६ दंडाच्या नोटिसा दिल्या. या सगळ्या प्रकरणालाच पार्टीगेट म्हणतात. सरकार गेलं ते जुलैमध्ये, मंत्र्यांच्या राजीनाम्यांची रांग लागल्यावर. पण तो मुलगा गेल्यावर मनात आलं की कोविडच्या त्या दोन वर्षांतलं या मुलांपर्यंत पोचलं काय, तर एक पार्टी.

मी कौन्सिलच्या लायब्ररीत काम करते. रोज सकाळी वर्तमानपत्रं रॅकवर लावायचं काम माझ्याकडे, त्यामुळे पहिली पानं न चुकता डोळ्यांखालून जायची. १२ जानेवारी २०२२ हा दिवस मला नीट आठवतो. त्या दुपारी जॉन्सननी डाउनिंग स्ट्रीटच्या बागेतल्या पार्टीबद्दल संसदेत माफी मागितली. त्याच दिवशी हायकोर्टाने निकाल दिला, की मंत्री-खासदारांच्या ओळखीने आलेल्या पुरवठादारांसाठी पीपीई, म्हणजे मास्क-गाऊन वगैरेंच्या खरेदीत जी 'व्हीआयपी लेन' चालवली, ती बेकायदा होती. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पेपरवर जॉन्सनचा चेहरा. व्हीआयपी लेन मला पानं उलटून शोधावी लागली. मग २४ जानेवारी. वाढदिवसाची बातमी टीव्हीवर फुटली ती त्या संध्याकाळी. दुपारी उमरावांच्या सभागृहात एका मंत्र्याने कोविड कर्जांतल्या फसवणुकीकडे सरकार डोळेझाक करतंय असं सांगून तिथेच, भाषण करता करता, राजीनामा दिला होता. तो कोण आणि का गेला, हे आमच्या वाचकांपैकी एकानेही कधी विचारलं नाही.

पार्टी ही क्षुल्लक गोष्ट होती, असं मी मुळीच म्हणत नाही. तिच्या आडून काय काय निसटून गेलं ते मला तुमच्याकडून ऐकायचं आहे. ज्याच्या घरात जे घडलं ते लिहा. नावं नकोत, गाव आणि काम पुरे.

लेस्टर, भूलतज्ज्ञ

माझी तारीख २० मे २०२०. तेव्हा मी व्हिसावर होतो. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेत काम करून त्याच एनएचएससाठी आम्हाला वेगळा हेल्थ सरचार्ज भरावा लागायचा, माणशी वर्षाला ४०० पौंड. आम्ही दोघं, तीन वर्षांचा व्हिसा, म्हणजे २४०० पौंड एकरकमी. व्हिसा वाढवायचा होता आणि मी पैसे जमवत होतो. त्या बुधवारी रात्रपाळी करून आलो होतो, तरी झोपलो नाही, कारण पंतप्रधानांना संसदेत याच सरचार्जबद्दल विचारणार होते. त्यांनी सांगितलं, हा पैसा देशाला लागतो, रद्द करता येणार नाही. बायकोने टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "झोप आता, परत रात्री जायचंय." दुसऱ्या दिवशी सरकारने माघार घेतली आणि आरोग्य व केअर कर्मचाऱ्यांचा सरचार्ज रद्द केला. त्या आनंदात मी तो बुधवार विसरलो.

पावणेदोन वर्षांनी कळलं, की त्याच संध्याकाळी डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत शंभरेक जणांना ईमेलने बोलावलं होतं, येताना आपापली बाटली घेऊन या म्हणून. त्या संध्याकाळी सहा वाजता मी काय करत होतो, हे मी सांगू शकतो. रात्रपाळीला निघण्याआधी मास्कच्या पट्टीने सोललेल्या नाकावर बायको व्हॅसलीन लावत होती.

मला त्या दारूपेक्षा दुपारचं उत्तर जास्त लागलं. चौकशी मात्र संध्याकाळची झाली.

नॉटिंगहॅम, तेव्हा विद्यार्थिनी

१४ जानेवारी २०२१, संक्रांत, तिसरा लॉकडाऊन. आईने नोव्हेंबरात पाठवलेलं पार्सल त्या आठवड्यात मिळालं. त्यात तिळाच्या वड्या होत्या. वरच्या मजल्यावर दोन मराठी मुली राहायच्या. आम्ही दोघी खालच्या. "दहा मिनिटं या" म्हटलं. शेजाऱ्यांनी फोन केला असावा. पोलीस आले, अगदी सभ्यपणे बोलले आणि चौघींना दोनशे दोनशे पौंडांचा दंड लावून गेले. चौदा दिवसांत भरला तर शंभर. आम्ही तिसऱ्याच दिवशी भरला. माझं महिन्याचं किराणाबिल तेव्हा नव्वदच्या आसपास होतं. घरी अजून सांगितलेलं नाही.

आम्ही नियम मोडला होता, त्याबद्दल तक्रार नाही. पण पंतप्रधानांना ५० पौंड दंड झाल्याची बातमी आली, तेव्हा त्या डब्यात उरलेल्या वड्या आठवल्या. पोलीस गेल्यावर कुणीच खाल्ल्या नव्हत्या.

नॉर्थ वेल्सच्या सीमेजवळ, केअर होममध्ये सीनियर केअरर

ताई, तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. यावर मी मराठीत कधी बोललेच नाही, घरी तर नाहीच.

आमचं होम इंग्लंडच्या बाजूला आहे. मार्च २०२०च्या शेवटी हॉस्पिटलातून दोन आजोबा आमच्याकडे पाठवले. बेड रिकामे करायचे होते. मी डिस्चार्जचा कागद दोनदा वाचला, टेस्टचा उल्लेख कुठे नव्हता. मॅनेजरला विचारलं तर म्हणाली, टेस्ट करत नाहीयेत, लक्षणं नाहीत ना, मग घ्यायचं. त्यातल्या एका आजोबांना मी स्वतः दाढी करून दिली होती. चौथ्या दिवशी त्यांना ताप आला. आमच्याकडे गाऊन नव्हते. पातळ प्लास्टिकचे एप्रन होते, वाकलं की गळ्यापाशी फाटायचे. मग काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांना भोक पाडून घातल्या. ईस्टरपर्यंत त्या मजल्यावरच्या सात खोल्या मी रिकाम्या केल्या. चष्मे, कवळ्या, नातवंडांचे फोटो एकेका खोक्यात घालून नाव लिहायचं आणि खोकं दाराबाहेर ठेवायचं. नातेवाईक गाडीतूनच हात करायचे.

हॉस्पिटलातून केअर होममध्ये जाणाऱ्या प्रत्येकाची टेस्ट करायची, असं सरकारने १५ एप्रिलला ठरवलं.

२७ एप्रिल २०२२ ला हायकोर्टाने सांगितलं, की ते धोरण बेकायदा होतं. लक्षणं नसलेल्या माणसापासूनही लागण होऊ शकते हे लक्षात घेऊन अशा पेशंटना चौदा दिवस वेगळं ठेवायला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. ज्या दोन बायकांनी हा खटला लढवला, त्यांचे वडील केअर होममध्ये वारले होते. मी स्टाफरूममध्ये फोनवर ते वाचलं आणि हात थरथरायला लागले. वाटलं, आता यावर रान उठणार. दोन दिवस टीव्ही लावून बसले. बातमी आली, गेली. मग सगळीकडे एकच, डरहॅममध्ये विरोधी पक्षनेत्याने बिअर प्यायली ती कामाच्या वेळात की कामानंतर.

त्या सात खोल्यांतल्या माणसांची नावं मला अजून पाठ आहेत, खोली क्रमांकासकट.

डरहॅम, दुकानात काम

तो बिअरचा तमाशा आमच्याच गावातला. प्रकरण ३० एप्रिल २०२१ चं, वर्षभराने उकरून काढलं. मे २०२२ मध्ये एक बातमीदार दुकानात येऊन विचारायला लागला, त्या रात्री करी कुठून मागवली ठाऊक आहे का. मी म्हटलं, ते नाही ठाऊक, पण माझ्या सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी चौदा महिने थांबल्यात, हे लिहिता का? तेव्हा इंग्लंडमध्ये ऑपरेशन-उपचारांच्या रांगेत ६४ लाखांवर नोंदी होत्या. त्याने वही उघडली नाही. जुलैमध्ये पोलिसांनी सांगितलं, यात गुन्हा नाही. सासूबाईंचा नंबर त्यानंतर पाच महिन्यांनी लागला.

हॅरो, मूळ ठाणे

वरचं सगळं वाचलं. तुम्हा सगळ्यांबद्दल आदर आहे, पण मला वेगळं सांगायचंय. पार्टीला 'लक्ष भरकटवणारी बातमी' म्हटलं की माझ्या पोटात कालवतं.

माझी आई फेब्रुवारी २०२० मध्ये नातवाला बघायला आली. विमानं बंद झाली, ती इथेच अडकली. मे महिन्यात गेली. शेवटचे नऊ दिवस आम्ही तिला पाहिलं नाही. एका नर्सने टॅबलेट धरला होता, त्यावर आईचा अर्धा चेहरा दिसत होता आणि ती "जेवलास का" एवढंच विचारत होती. क्रिमॅटोरियमला आम्ही सहा जण, खुर्च्या दोन-दोन मीटरवर. माझ्या धाकट्या बहिणीला रडू आवरेना. मी उठून तिच्याजवळ जायला लागलो, तेव्हा तिथल्या माणसाने हात वर करून थांबवलं. मी थांबलो. गुरुजी ठाण्याहून फोनवर मंत्र म्हणत होते, मध्येच आवाज तुटायचा. अस्थी बेडरूमच्या कपाटात होत्या, वरच्या खणात, २०२२ च्या मार्चपर्यंत. मग नाशिकला नेऊन गोदावरीत सोडल्या.

मी थांबलो होतो. हे माझ्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही आणि मला कुणी परतही देऊ शकत नाही. नियम ज्यांनी लिहिले ते थांबले नाहीत. माझ्यासाठी याहून मोठा मुद्दा दुसरा नाही.

थेम्सच्या काठाला, पार्लमेंटच्या समोर, कोविडमध्ये गेलेल्यांसाठी लाल हृदयं रंगवलेली भिंत आहे, दीड लाखाहून जास्त. एकात मी देवनागरीत 'आई' लिहून आलो.

धागाकर्ती

दादा, तुमचं म्हणणं मान्य. मी 'पार्टीच्या आडून' लिहिलं तेव्हा तुमच्यासारखा माणूस माझ्या डोळ्यांसमोर नव्हता, तो असायला हवा होता. पण एक विचारू? त्या दोन वर्षांत पार्टीवर जेवढ्या चर्चा झाल्या, त्यात तुमच्यासारख्या माणसाला किती वेळ मिळाला? मी लावलेल्या पानांवर वाइनच्या बाटल्या होत्या, पंतप्रधानांच्या घरातला वॉलपेपर होता, कोण कुणाची खुर्ची घेणार याचे अंदाज होते. तुमची बहीण त्यात कुठेच नव्हती.

मिल्टन कीन्स, आयटी

एप्रिल २०२२. पुण्याच्या फॅमिली ग्रुपवर सुनक यांचे फोटो फिरत होते, "आपला माणूस". त्यांच्या पत्नीच्या परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही, ही बातमी फुटली आणि दोन-तीन दिवसांतच त्यांनी तो कर भरायचं जाहीर केलं. मग दंडाची बातमी. ग्रुपवर भांडण जुंपलं, काकांनी ग्रुप सोडला. त्याच महिन्यात माझ्या पगारातून नॅशनल इन्शुरन्सची सरकारी वर्गणी सव्वा टक्क्याने जास्त कापली गेली. तो आकडा मी पगाराची स्लिप हातात आल्यावर पाहिला. इतकं वाद घालत होतो आम्ही, पण यावर एक ओळ कुणी लिहिली नव्हती, मीसुद्धा नाही.

स्लाव, शाळेच्या किचनमध्ये

आमच्याकडे प्रीपेड मीटर. कार्ड घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं, पैसे भरून आणायचं. एप्रिल २०२२ पासून प्रीपेडवाल्यांची वीज-गॅसच्या वर्षाच्या सरासरी बिलाची मर्यादा १३०९ पौंडांवरून २०१७ वर गेली. ती दरवाढ फेब्रुवारीतच जाहीर झाली होती, मला कळली ती दहा पौंड चार दिवसांत संपले तेव्हा. भाकरी करायची बंद केली, तवा तापायला वेळ लागतो म्हणून. मुलं शाळेतून आली की आधी मीटरच्या स्क्रीनकडे बघायची, मग माझ्याकडे.

निफाड तालुका, नाशिक

मी इंग्लंडात नाही, बहीण तिकडं आहे, तिनं हा धागा पाठवला. आमच्याकडं तेच झालं होतं म्हणून लिहितो. सप्टेंबर २०२०. रोजचे वीस हजारांवर पेशंट महाराष्ट्रात, आणि टीव्हीवर चोवीस तास एका नटाचा मृत्यू, एका नटीचं पाडलेलं ऑफिस. वडील ते बघत बसायचे. चाळीत उन्हाळ कांदा होता, भाव नुकता चढायला लागलेला. १४ सप्टेंबरला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली. आम्हाला टीव्हीवरनं नाही, व्यापाऱ्याच्या फोनवरनं कळलं, ट्रॅक्टर भरून उभा असताना. वडिलांनी ट्रॅक्टर वळवला, घरी आले आणि टीव्हीची वायर काढून ठेवली. दिवाळीपर्यंत लावली नाही.

ईलिंग, निवृत्त

कोविडची सरकारी चौकशी पॅडिंग्टनला चालायची. मार्च २०२५ मध्ये पीपीई खरेदीवर सुनावणी होती. मला वेळ असतो, म्हणून एक दिवस जाऊन बसलो. ज्यांची माणसं गेली, असे लोक मांडीवर फोटो घेऊन बसले होते. साक्ष किचकट होती, कंत्राटांचे क्रमांक, तारखा, कुणी कुणाला ईमेल पाठवला. शेजारच्या बाई प्रत्येक आकडा वहीत उतरवून घेत होत्या. त्यांचे यजमान बसचालक होते, त्यांना मास्क मिळाला नव्हता. संध्याकाळी घरी येऊन बातम्या लावल्या. शेवटपर्यंत बघितल्या, त्या खोलीतलं काहीच आलं नाही.

पुढे ऑक्टोबरमध्ये हायकोर्टाने एका कंपनीला अडीच कोटी गाऊनचे १२ कोटी २० लाख पौंड परत करायला सांगितलं, गाऊन निर्जंतुक असल्याचं सिद्ध होत नव्हतं म्हणून. तेव्हा मला त्या बाईंची वही आठवली. आणि आज इथे कचऱ्याच्या पिशव्यांबद्दल वाचल्यावर पुन्हा आठवली.

सीनियर केअरर, पुन्हा

हॅरोच्या दादांना विचारायचं होतं. तुमच्या आईंचं हृदय वेस्टमिन्स्टर ब्रिजकडच्या टोकाला आहे की लॅम्बेथकडच्या? उन्हापावसाने अक्षरं पुसट होतात तिथली. मी शनिवारी लंडनला येतेय, सात नावं लिहायचीत. सोबत पेन आणतेय. चालणार असेल तर 'आई' वर एकदा फिरवून येईन.